भिमाजीने मिशी राखली

काष्टीच्या हनुमान नाट्य मंडळात भिमाजी सलग बावीस वर्षं नायिका झाला होता. दिवसा तो नांगर धरायचा, बैलांवर खेकसायचा, उसाला पाणी द्यायचा. पण चैत्रातली जत्रा आली की त्याच्या अंगावर नऊवारी चढायची आणि मग ते अंग त्याचं राहायचंच नाही. पदर सावरण्याची त्याची ढब बघून गावातल्या सुनांना सासवा म्हणायच्या, "बघून घ्या, भिमाजी कसा चालतो ते." गावात त्याला नावानं हाक मारणारे थोडेच उरले होते. बाकीचे सरळ 'वैनी' म्हणत आणि तोही ओ देई.

आता मात्र त्याला त्रेचाळिसावं लागलं होतं. पोट सुटल्यामुळे कमरपट्टा मागून सुतळीनं बांधावा लागे. त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. खरी गोष्ट निराळीच होती आणि ती फक्त पेटीवाल्या छगनला ठाऊक होती. गेली दोन वर्षं भिमाजीचा आवाज वरच्या पट्टीत फाटू लागला होता. पदात वरची जागा जवळ आली की भिमाजी डोळ्यानं खूण करी आणि छगन पेटीचा भाता जोरानं मारून ती जागा झाकून नेई. ज्येष्ठमध चघळून चघळून भिमाजीची जीभ गोड पडली होती, गळा मात्र होता तसाच होता.

एकाहत्तर सालच्या माघात आप्पासाहेबांच्या ओसरीवर मंडळाची बैठक भरली. आप्पासाहेब मंडळाचे अध्यक्ष. पडदे, बत्त्या आणि एक पाय मोडकं सिंहासन त्यांच्याच घरी असे. शाळेतल्या रंगनाथ मास्तरांनी यंदा एक सोडून दोन नवी संगीत नाटकं लिहिली होती. जत्रेला 'संगीत पाटाचं पाणी', पाण्याच्या पाळीवरून भांडणाऱ्या दोन भावांचं आणि त्यांना एकत्र आणणाऱ्या धाकट्या सुनेचं. दिवाळीला खर्ड्याच्या लढाईवरचं दुसरं. मास्तरांनी पहिलं नाटक सगळं वाचून दाखवलं. मंडळी खूश झाली. मग मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "आता पात्रयोजना. धाकटी सून, म्हणजे नायिका... आपल्या शाळेत नव्या बाई आल्यात ना, दयाबाई. त्या गातात. फार गोड गातात."

 सगळ्यांच्या माना भिमाजीकडे वळल्या.

"आन मी?" भिमाजीनं विचारलं.

"तुम्ही सासरे. खंडेराव. अहो, नाटकाचा कणा आहे तो! एक पदसुद्धा आहे त्याला."

"सासरा," भिमाजी म्हणाला. "मिशावाला?"

"मिशावाला."

आप्पासाहेबांनी घसा खाकरला. "भिमाजी, वाईट वाटून घ्यू नगंस. पर आता जमाना बदललाय. नगरला, पुण्याला समदीकडं बायाच बायांचं काम करत्यात."

 पानाचा डबा पुढे आला तेव्हा भिमाजीनं पान घेतलं. पण घरी जाताना नेहमीची वाट सोडून तो पाटाच्या कडेनं लांबून गेला.

घरी बायको मनकर्णा भाकरी थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "म्हंजी यंदा माझी लुगडी माझ्याकडंच ऱ्हात्याल?"

"तुला लुगड्याचं पडलंय?"

"मग? लग्नातला शालू मी चारदा नेसले, तुमी बत्तीसदा. काठाला रंगाचे डाग पडल्यात ते कुनाच्या थोबाडाचे?" आणि ती हसत सुटली. तिचं हसू बघून भिमाजी चिडला आणि जेवताना मुद्दाम जास्तीची भाकरी मागून घेतली नाही.

त्याच्या मनात एक आशा मात्र होती. दयाबाई मूळची राहात्याची. तिचे वडील यशया गुरुजी तिथल्या ख्रिस्ती मंडळीत पेटी वाजवत आणि पोरांना गाणं शिकवत. मुलीनं नाटकात उभं राहायचं तर वडिलांची परवानगी हवी, असं तिनं स्वतःच मास्तरांना सांगितलं होतं. पत्र गेलं होतं. कुठला बाप हो म्हणेल, असं भिमाजीला वाटत होतं. तसं वाटल्याची त्याला थोडी लाजही वाटत होती, पण वाटत होतं.

आठ दिवसांनी यशया गुरुजी स्वतःच एस.टी.नं आले. पांढरं धोतर, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. ते थेट शाळेत तालमीला आले आणि मागच्या बाकावर बसले. दया फळ्याजवळ उभी होती. उंच, सावळी, तेवीस-चोवीस वर्षांची मुलगी. तिनं वडिलांकडे एकदा पाहिलं आणि पद उचललं,

"दारी आलं पाटपाणी, आत्याबाई, घागर द्या,
थोरल्या जाऊबाईंची आधी मला भरू द्या."

भिमाजी खिडकीशी टेकून उभा होता. पहिल्या ओळीलाच त्यानं टेकणं सोडलं. वरची जागा, जिथं त्याचा जीव वर-खाली व्हायचा, ती या पोरीनं उंबरा ओलांडावा तशी सहज ओलांडली. छगननं भाता हळू केला. झाकायचं काहीच नव्हतं.

पद संपलं तेव्हा यशया गुरुजी उठले. "गाण्याचं मला माहीत आहे," ते म्हणाले, "ते मीच शिकवलंय. नाटकाचं मला काही कळत नाही. मला एकच विचारायचंय. एवढे पुरुष आहात तुम्ही, त्यात ही एकटी मुलगी. हिच्याकडे लक्ष कोण देणार?"

मास्तर चष्मा पुसू लागले. आप्पासाहेब छताकडे बघू लागले.  आणि भिमाजीला स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"मी हाय की."

गुरुजींनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तुम्ही कोण?"

"मी भिमाजी. आत्तापतूर ह्यांचं काम मी करत हुतो. तालमीला घरनं आणीन, घरी पोचवीन. माझी बायको संगट आसंल. आन लुगडं कसं नेसायचं, पदर कवा घ्यायचा, कवा सोडायचा, समदं मी शिकवीन. गुरुजी, तुमी बिनघोर ऱ्हावा."

गुरुजींनी दयाकडे बघून होकार दिला आणि मग भिमाजीलाही त्याचं पद म्हणायला सांगितलं. भिमाजीनं सवयीनं छगनला काळी पाचची वरची पट्टी सांगितली आणि ओळ उचलली. दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. छगननं झटकन भाता मारला. पण गुरुजींचे कान पेटीवाल्याचे होते. ते उठले, छगनला बाजूला सरकायला सांगून स्वतः पेटीवर बसले आणि बोट उचलून काळी एकवर ठेवलं.

"इथून म्हणा."

"लई खाली हुतंय, गुरुजी."

"म्हणून तर बघा."

भिमाजीनं म्हटलं. "माझ्या बांधाला बांध लागला, भाऊ भावाला पारखा झाला..." आवाज छातीतून आला, भरदार आणि थोडा खरखरीत. भिमाजी मध्येच थांबला. त्याला वाटलं, दुसरंच कुणीतरी म्हणतंय.

गुरुजी हळूच म्हणाले, "इतकी वर्षं तुम्ही दुसऱ्याच्या घरात राहत होता. हे तुमचं घर."

तालमी जोरात सुरू झाल्या. मनकर्णा रोज दिवेलागणीला दयाला तिच्या खोलीवरून घेऊन यायची आणि मागच्या बाकावर शेंगा निवडत बसायची. भिमाजीनं शिकवणी मोठ्या हौसेनं मांडली. पहिल्याच दिवशी त्यानं दयाला वर्गाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं आणि कपाळाला हात लावला.

"बाई, आवं तुमी बाईमानसासारखं चालतच न्हाई."

"म्हणजे?" दया हसू लागली. "मी बाईच आहे, काका."

"आसाल. पर चालता मास्तरावानी. पावलं मोजत. नवी सून अशी चालती व्हय? हे बगा." आणि पोट सुटलेला तो माणूस खांद्यावर टॉवेलाचा पदर घेऊन असा काही चालला, की वर्गातल्या सगळ्यांना त्या पायात जोडवी वाजल्याचा भास झाला. दया डोळे मोठे करून बघत राहिली. मग त्याच्या मागोमाग चालू लागली. आठवड्याभरात ती पदर सावरायला शिकली, डोळ्यांच्या कोपऱ्यानं बघायला शिकली, आणि टाळी पडली की ती विरेपर्यंत थांबायलाही शिकली. आठवड्याभरात भिमाजीही तिला 'बाई' म्हणायचं सोडून 'पोरी' म्हणू लागला.

घोडं अडलं ते भिमाजीचंच.

त्याला पुरुष होता येईना. पद झकास यायचं. पण खंडेराव म्हणून पाऊल टाकलं की त्याची कंबर आपोआप एका बाजूला झुकायची. रागानं बोलायची वेळ आली की मान खाली जायची. थोरल्या मुलावर ओरडायचा प्रसंग होता. मुलाचं काम गावचा शिंपी करायचा. भिमाजी त्याच्यासमोर उभा राहिला, "हात काढ त्या पाण्यावरचा!" असं म्हणाला आणि म्हणता म्हणता त्यानं बोट असं नाजूक उचललं की शिंप्याला हसू आवरेना.

"भिमाजी," मास्तर हात जोडून म्हणाले, "अहो, तुम्ही सासू नाही, सासरा आहात!"

"मला म्हाइती हाय की! पर शिटीवर चढलं की अंगच ऐकत न्हाई." वर्गातल्या लाकडी चौथऱ्यालाही तो 'शिटी'च म्हणायचा. 'स्टेज' या शब्दाचं त्यानं कधीच 'शिटी' करून टाकलं होतं.

त्यानं उपाय म्हणून मिशी राखायला घेतली. बावीस वर्षं ओठावर वस्तरा फिरत होता, तिथं पंधरा दिवसांत करडी-काळी मिशी उगवली. मनकर्णा ती बघून पदरात हसायची, पण रोज सकाळी न सांगता खोबरेल तेलाची वाटी आरशापुढे ठेवायची. मिशी वाढली, कंबर मात्र झुकायची राहिली नाही. शेवटी मास्तर दुसऱ्या कुणाला हे काम द्यायचं का, म्हणून आप्पासाहेबांशी कुजबुजताना भिमाजीनं पाहिलं.

त्यातून वाट काढली दयानं. एका सकाळी शाळेत जाताना ती पाटावरून येत होती. तिला लांबून आरडाओरडा ऐकू आला. उसाच्या फडाकडेला भिमाजी छाती पुढे काढून, पाय फाकवून बैलाला दटावत होता. बैल बिचारा मान खाली घालून उभा होता. दया तिथंच थांबली.

त्या दिवशी तालमीत ती मास्तरांना म्हणाली, "मास्तर, उद्या रविवार आहे. उद्याची तालीम काकांच्या रानात घेऊ या."

"रानात? पेटी कशी न्यायची?"

"बैलगाडीत," मनकर्णाच मागून म्हणाली. "तालमीसंगट कांदेबी काढून व्हतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं मंडळ भिमाजीच्या बांधावर हजर झालं. छगन बैलगाडीत मांडी घालून पेटीवर बसला. दया आणि शिंपी पाटाजवळ उभे राहिले. त्या दिवशी भिमाजीची पाण्याची पाळी होती, पाटाला पाडलेलं त्याचं दारं उसाला चालू होतं. मास्तरांनी वही उघडली. भिमाजीनं मातीत पाय रोवले आणि सुरुवात केली. पण एवढी मंडळी समोर बसली म्हटल्यावर बांधाचीही शिटीच झाली. बोट पुन्हा नाजूक उचललं गेलं.

"पुन्हा," मास्तर म्हणाले.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. निवडणुकीची एक जीप कर्णा लावून रस्त्यानं गेली, तेवढ्यापुरती तालीम थांबली. जीप गेली आणि भिमाजीची नजर उसाकडे गेली. सरीतलं पाणी ओसरत चाललं होतं. त्यानं पाटाकडे पाहिलं. शेजारचा कारभारी, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा, खाली वाकून खोऱ्यानं भिमाजीचं दारं मोडत होता. भिमाजी नाटकात गुंतलेला बघून त्यानं पाणी आपल्या हरभऱ्याकडे वळवलं होतं.

भिमाजी धावला नाही. तो चालत गेला. ताठ, ढांगा टाकत, एकेक पाऊल जमिनीत रुतवत. कारभाऱ्यापासून चार हातांवर थांबला आणि त्याचा आवाज असा उसळला की उसातल्या साळुंक्या उडाल्या.

"हात काढ त्या पाण्यावरचा! हे पानी तुझं न्हाई, माझं न्हाई, पाटाचं हाय! पाळीनं येतं आन पाळीनं जातं! ज्याची पाळी न्हाई, त्यानं ओंजळसुदीक धरायची न्हाई!"

कारभाऱ्याच्या हातातलं खोरं गळून पडलं. पण भिमाजीला आता थांबणं माहीत नव्हतं. पुढची वाक्यं आपोआप येत होती.

"माझ्या पोटी जल्म घिऊन भावाचं पानी चोरतोस? ह्याच्यासाठी तुला ल्हानाचा मोटा केला व्हय रं?"

कारभारी तोंड वासून बघत राहिला. "आरं भिमा," तो चाचरत म्हणाला, "मी तुज्या पोटी कवा आलो?"

क्षणभर कुणाला काही कळलं नाही. मग गाडीत छगन पेटीवर आडवा पडून हसू लागला, त्याच्या कोपराखाली चार-पाच पट्ट्या एकदम केकाटल्या आणि सगळा बांध हसण्यात बुडाला. मास्तरांनी वही वर उडवली. भिमाजी आधी गोंधळला, मग त्याच्याही मिशीखाली हसू पसरलं. कारभारी ओशाळून पुन्हा खोरं उचलून मुकाट्यानं दारं लावू लागला. भिमाजीनं त्याच्या पाठीवर थाप दिली.

"आसू दे. उसाचं झालं की जाताना तुज्याकडं सोडतो. पर जत्रेला म्होरं बसायचं, सांगून ठिवतो."

"काका, आत्ता चाललात ना," दया जवळ येऊन म्हणाली, "तसंच. दुसरं काही नको."

जत्रेच्या दिवशी देवळामागच्या मैदानात सूर्य मावळायच्या आत माणूस भरलं. श्रीगोंद्याहून, आसपासच्या वाड्यांवरून गाड्या जुंपून लोक आले होते. यशया गुरुजी राहात्याहून आले होते आणि आप्पासाहेबांनी त्यांना आपल्या शेजारी खुर्ची दिली होती. नांदी झाली. दयानं पहिलं पद म्हटलं आणि बायकांच्या बाजूला ज्या टाळ्या पडल्या, त्या काष्टीत आजवर कुठल्या नायिकेला पडल्या नव्हत्या. विंगेत उभ्या भिमाजीनं त्या टाळ्या मोजल्यासारख्या ऐकल्या. आपल्याला वाईट वाटेल असं त्याला वाटलं होतं. पण छाती फुगली, ती मात्र पोरीचा बाप असल्यासारखी.

मग त्याचा प्रवेश आला. पटका, उपरणं, हातात काठी. तो रंगमंचावर आला मात्र, मैदानातून एकच हलकल्लोळ उठला.

"वैनी आल्या! आरं, वैनींना मिशा फुटल्या!"

शिट्ट्या, हशा.  बावीस वर्षांची सवय अंगात जागी झाली. मान खाली जाऊ लागली, उजवा हात आपोआप खांद्याकडे, पदर सावरायला निघाला. विंगेतून मास्तरांनी डोळे मिटून घेतले. हात खांद्यावर पोचला. तिथं पदर नव्हता, उपरणं होतं. भिमाजीच्या मुठीत ते आलं आणि क्षणभर त्याला सुचेना की याचं काय करायचं. मग त्यानं ते मुठीनंच ओढून काढलं, गरकन एक हिसका देऊन दुसऱ्या खांद्यावर फेकलं आणि काठी फळ्यांवर अशी आपटली की बत्ती हलली.

मैदान गप्प झालं. दयानं पुढे होऊन त्याच्या पायाला हात लावला. "मामंजी, पाणी आलंय," ती म्हणाली. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला, छगनकडे पाहिलं आणि काळी एकवरून पद उचललं.

"माझ्या बांधाला बांध लागला, भाऊ भावाला पारखा झाला..."

दुसरं कडवं संपलं तेव्हा पुढच्या रांगेत कारभारी उपरण्यानं नाक पुसत होता. तिसऱ्याला लोकांनी पद पुन्हा मागितलं. भिमाजीनं पुन्हा म्हटलं. शिट्ट्या मारणारी पोरंही ओळ उचलून म्हणू लागली.

नाटक संपल्यावर पडद्यामागे गर्दी झाली. आप्पासाहेबांनी भिमाजीच्या गळ्यात हार घातला. यशया गुरुजींनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग ते मास्तरांना म्हणाले की हे नाटक राहात्याला आणलंच पाहिजे, तिथली शाळा आणि बाकं मिळवून देणं त्यांच्याकडे लागलं.

गर्दी पांगल्यावर मनकर्णा आत आली. लग्नातला शालू नेसली होती. भिमाजी पेटाऱ्यावर बसून तोंडाचा रंग पुसत होता.

"कसं झालं?" त्यानं विचारलं.

तिनं त्याच्या उपरण्याची घडी घातली. मग म्हणाली, "तुमी काठी आपटली आन मी बसल्या जागी डोक्यावर पदर घेतला."

"का गं?"

"मला वाटलं, मामंजीच आले." तिचे डोळे भरले होते आणि ती हसतही होती. "बाजूच्या बाया इचारत हुत्या, कुनाचा मालक गं हा? म्या सांगितलं, माझा."

भिमाजीनं रंगाचं फडकं बाजूला ठेवून मिशीला पीळ दिला.

चार दिवसांनी आप्पासाहेबांच्या ओसरीवर पुन्हा बैठक भरली. या वेळी ओसरी पुरेना, म्हणून अंगणात सतरंजी टाकली. दया शाळेतल्या आणखी दोन बाईंना घेऊन आली होती. रंगनाथ मास्तरांनी खर्ड्याच्या लढाईची वही उघडली, चष्मा सारखा केला आणि पात्रयोजना वाचायला घेतली. पहिल्याच पानावर म्हाताऱ्या सरदाराचं नाव होतं.

"भिमाजी, ह्याला तीन पदं आहेत," मास्तर म्हणाले. "जमेल?"

"घोडा हाय का त्येला?"

"आहे. पण रंगमंचावर येत नाही."

"मग जमंल," भिमाजी म्हणाला आणि छगनला पेटी उघडायची खूण केली.